आतलं गिऱ्हाईक

ज्यानं पहिल्यांदा कुणाला "सांगितलं तेवढंच कर" असं बजावलं, त्याला अजून कुणी जाब विचारलेला नाही. विचारायला हवा. कारण एका गावात एक भोळा तरुण होता, दौलत नावाचा, आणि तो सांगितलं तेवढंच करायचा.

गावच्या बाया घोंगड्या विणत. त्यांची वेबसाइट दौलत बनवत होता. पुण्याचे एक व्यापारी ती पाहून माल घ्यायचा की नाही ते ठरवणार होते. घेतला तर माग चालू, नाहीतर बाया पुन्हा ऊसतोडीला.

दौलतनं चालू साइटवरच खटपट केली. पान पांढरंफटक पडलं. त्याची चुलतबहीण वैजूताई पुण्यात हेच काम करायची. तिनं फोनवर समजावलं, की कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करता येतो, नुसता मानलेला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मोडतोड करायची ती तिथं. आतलं बाहेर येऊ द्यायचं नाही.

दौलतनं ते गाठीला बांधलं.

आत साइट देखणी झाली. बाहेर पान पांढरंच. बायांच्या गटाच्या प्रमुख हौसाक्का विचारायला आल्या, साइट कुठाय.

"आहे की. आत."

"मग आम्ही कुठनं बघायची?"

"बघायची नाही. ताईनं सांगितलंय."

ताईनं कपाळावर हात मारला. आत जमलेलं सगळं बाहेर आणायचं असतं, म्हणाली. दौलतनं तेही गाठीला बांधलं.

सगळं बाहेर आलं. चाचणीसाठी त्यानं मनानं रचलेली गिऱ्हाइकंही आली. बायांना दोनशे घोंगड्यांची ऑर्डर दिसली. गिऱ्हाईक राजा विक्रमसेन, मुक्काम ढगांच्या वर. अर्धी लोकर पिंजून झाल्यावर कुणीतरी पत्ता वाचला.

आता ताई चिडली. "खोटं गिऱ्हाईक आतच ठेव. खरं की खोटं कळेना, तर खात्री होईस्तोवर तेही आतच. आणि आत काही अडकलं तर बंद करून पुन्हा चालू कर. एवढं तरी करशील?"

"एवढंच करतो."

आणि साइट खरंच नीट लागली. व्यापाऱ्यांना ती इतकी आवडली, की ते न कळवताच गाडी घेऊन गावात आले. बाया रानात गेलेल्या. घोंगड्यांच्या खोलीपाशी दौलत एकटा. आपण गिऱ्हाईक आहोत, असं व्यापारी म्हणाले.

दौलतनं त्यांना निरखलं. पत्ता विचारला. पत्ता पटण्यासारखा होता, पण विक्रमसेनाचाही त्याला पटला होता. त्यानं त्यांना आदरानं खोलीत बसवलं, बाहेर येऊन कडी घातली आणि खात्री करायला ताईला फोन लावला. ताई मीटिंगमध्ये होती.

आतून दार वाजू लागलं. अडकलंय, हे दौलतच्या लक्षात आलं. बटण बाहेरच होतं. त्यानं खोलीतला दिवा बंद केला, पुन्हा चालू केला. आरडाओरडा वाढला. त्यानं पुन्हा बंद केला.

बाया धावत आल्या.

"दौलत, आत कोण आहे?"

"ते अजून ठरायचंय, आक्का."

हौसाक्कांची नजर पुण्याच्या गाडीवर गेली. त्या कडीला हात घालणार, तोच गाडीला टेकून तंबाखू मळत उभा असलेला व्यापाऱ्यांचा ड्रायव्हर म्हणाला, "राहू द्या, मावशी. साहेब कुठल्या दुकानात पाच मिनिटं टिकत नाहीत. माल इतका वेळ बघताना मी त्यांना आजच बघतोय."