खरवंडीकरांची शेवटची ओळ

“बाई, मी नेमका तिथंच का चुकतो?”

खरवंडीकरांनी हे विचारलं ते जरा घुश्श्यातच. तीन पानांची धून. अडीच पानं कशी बिनचूक जायची! आणि शेवटच्या ओळीत आलं की उजव्या हाताचं चौथं बोट शेजारच्या पट्टीवर जाऊन पडायचं. एकदा नाही, दर वेळी.

एस्तेरबाई हिवाळे पियानोशेजारी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत आणि गेली चाळीस वर्षं तिथंच शिकवत. फाटकावर पाटी होती : ‘पियानो शिकवणी. लहान व मोठे.’ लहान पुष्कळ यायची. मोठ्यांत सध्या एकटे खरवंडीकर. गुरुवारचा शेवटचा तास त्यांचा असे.

“वाजवा पुन्हा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी वाजवलं. चुकले.

“सुरुवातीपासून घेतो,” खरवंडीकर म्हणाले, आणि पानं उलटी फिरवू लागले.

“तेवढीच जागा दुरुस्त करा की.”

“छे! अर्धवट काम मला चालत नाही. हद्द चुकली तर मधेच सांधायची नसते, बाई. पहिल्या दगडापासून मोजायची.”

खरवंडीकर जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. तालुक्यात आपली मोजणी वीतभरसुद्धा चुकली नाही, हे ते कुणी न विचारताही सांगत. अशा माणसाचं स्वतःचंच एक बोट त्याचं ऐकेना, म्हणजे नाकावर माशी बसल्यातली गत. अकरा गुरुवार झाले, ते पहिल्या दगडापासून मोजत होते. पाचला सुरू झालेला तास साडेसहा वाजले तरी संपत नसे.

या गुरुवारी मात्र बाईंनी पानांवर हात ठेवला.

“आज फक्त शेवटची ओळ. दुसरं काही नाही.”

त्यांनी वाजवली. बरोबर आली.

“पुन्हा.”

बरोबर.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदाही बरोबर. चौथं बोट सरळ आपल्या जागी जाऊन बसत होतं.

“बोटाला काही झालेलं नाही,” बाई म्हणाल्या.

खरवंडीकरांना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना उघडं पडल्यासारखं झालं, आणि उघडा पडलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. ते चिडले.

“मग शिकवण्यात काहीतरी राहतंय. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. स्टेशन रोडला नवा क्लास निघालाय. तिथं तीन महिन्यांत सर्टिफिकेट देतात.”

“हो, देतात.”

“उद्या नाव घालतो तिकडं.”

“घाला.”

नाव घालायला निघालेला माणूस उठतो तरी. हे बसूनच राहिले…

बाहेर चर्चच्या आवारात कुणीतरी झाडू मारत होतं. तो आवाज थांबला, तेव्हा बाई बोलल्या.

“मुलं शेवटची ओळ नेहमी पळत वाजवतात. त्यांना सुटायचं असतं. बाहेर मैत्रिणी थांबलेल्या असतात, सायकल असते.”

“मग?”

“तुमच्या बाहेर काय असतं?”

“माझ्या? काय असणार? घरी जातो.”

“घरी जाऊन काय करता?”

“कुलूप काढतो.”

“मग?”

“दिवा लावतो. सकाळचं काही उरलेलं असतं, ते गरम करतो.”

“मग?”

खरवंडीकरांनी लग्न केलं नव्हतं. ते आणि थोरला भाऊ, दोघंच एका घरात म्हातारे झाले होते. जेवताना रोज भांडायचे, मिठावरून, पंख्यावरून, कशावरूनही. दिवाळीनंतर दादा गेला. आता मीठ कमी पडलं तरी कुणाला सांगायचं नव्हतं.

“मग काही नाही,” ते म्हणाले. “मग पुढचा गुरुवार.”

एवढं बोलून ते स्वतःच चपापले. लगेच मान ताठ केली. “पण याचा आणि पियानोचा काय संबंध?”

बाईंनी पानं त्यांच्यापुढं सरकवली.

खरवंडीकरांनी आपल्या चौथ्या बोटाकडं पाहिलं. मग पानांच्या कडांकडं पाहिलं. सुरुवातीला परत जाऊन जाऊन त्या मऊ झाल्या होत्या. मोजणीतल्या माणसाला एवढा पुरावा पुरतो. त्यांचे कान तापले. चौसष्टाव्या वर्षी शाळेतल्या पोरासारखी चोरी पकडली गेली होती, आणि ती आपण करतोय हे चोरालाही ठाऊक नव्हतं.

“तुम्हाला कधी कळलं?” त्यांनी खाली बघूनच विचारलं.

“दुसऱ्या गुरुवारी.”

“आणि मला नऊ आठवडे चुकू दिलंत?”

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

“मला तरी कुठं जायचं होतं, खरवंडीकर?”

पियानोवरचं गजराचं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं. मुलांचे तास मोजायचं ते घड्याळ. बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांनी घड्याळ उचललं, आतल्या खोलीत नेलं, तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि वर झाकण घट्ट दाबून बसवलं.

“बाई, अहो, हे काय?”

“वाजवा. पहिल्या दगडापासून.”

त्यांनी सुरुवात केली. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या मध्यावर ते आले. आता त्यांना सगळं माहीत होतं. ही ओळ बरोबर आली की धून संपणार. पियानोवर खादीचं कापड पडणार. मग रस्ता, मग जिना, मग कुलूप. चुकलं तर आणखी अर्धा तास… चौथ्या बोटाची पाळी आली. त्याला शेजारच्या पट्टीवर जायची फार इच्छा होती, आणि खरं सांगायचं तर त्यांचीही तीच इच्छा होती.

बोट आपल्या जागी पडलं.

शेवटचा सूर खोलीत बराच वेळ राहिला. मग तोही गेला.

चुकीला आता निमित्त उरलं नव्हतं. खरवंडीकर उठले. खुंटीवरची पिशवी घेतली, चष्म्याची डबी तिच्यात टाकली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दिसू नये म्हणून ते दाराकडं तोंड करूनच बोलले.

“बरंय. येतो, बाई.”

बाईंनी पियानोचं झाकण लावलं.

“शिकवणी संपली,” त्या म्हणाल्या. “आता बसा.”