देवीची पाठ

खूप मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि गावाला एक देवी होती. देवी म्हणजे काय, तर मोठ्या भोपळ्याएवढा गोल दगड. ना नाक, ना तोंड. देवळात मधोमध ओट्यावर तो बसवलेला. दर जत्रेला त्याला चहूबाजूंनी शेंदूर लावायचा आणि दाराच्या बाजूला चांदीचे दोन डोळे चिकटवायचे, अशी तिथली रीत होती.

देवीची सेवा ज्या घराकडे होती, त्या घरात दोन जावा होत्या. थोरलीचा सगळा जीव देवीच्या रूपात. उन्हाळ्यात देवीला उकडत असेल म्हणून ती वारा घाली, थंडीत शाल पांघरी. भाजीत मीठ जास्त पडलं, तर नैवेद्य दाखवताना देवीची माफीही मागे. धाकटी निराळ्या वळणाची. ती आत फारशी जायचीच नाही. पायरीवर बसून डोळे मिटायची. देव सगळीकडे भरून राहिलाय, त्याला कसलं तोंड आणि कसली शाल, असं तिचं म्हणणं.

थोरली तिला छेडायची, “अगं, डोळे मिटून तुला दिसतं तरी काय?”

“काहीच नाही. म्हणून तर बरं वाटतं.”

“माझी देवी माझ्याकडे बघते तरी.”

“आक्का, डोळे चिकटवता तुम्ही, आणि बघते म्हणे ती.”

अशी दोघींची रोज जुंपायची. पण घरात चूल एकच होती, त्यामुळे भांडण फार लांबत नसे.

पुढे थोरलीची नजर मंदावली. तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. सेवेत चूक झाली की सेवा दुसऱ्या घराकडे जायची, गावाचा तसा कडक नियम होता. आणि सेवा गेली असती, तर त्या बाईकडे उरलं काय असतं? म्हणून ती चाचपत, अंदाजानं सगळं करत राहिली.

जत्रेचा दिवस उजाडला. थोरलीनं देवीभोवती फिरत फिरत शेंदूर लावला. दगड गोल, गाभारा अंधारा आणि नजर धूसर. आपण कुठल्या बाजूला येऊन थांबलो हे तिला कळलं नाही. तिनं डोळे चिकटवले आणि समाधानानं दार उघडलं.

ओटी भरायला आलेल्या बायका दारातच थबकल्या. समोर नुसता शेंदूर, आणि देवीचे डोळे मागच्या भिंतीकडे.

“देवीनं गावाकडे पाठ फिरवली,” कुणीतरी म्हणालं. हा हा म्हणता गाव गोळा झालं. गावचा पाटील पुढे आला नि म्हणाला, “सेवेत खोट आली. आजपासून सेवा दुसऱ्या घराकडे.”

थोरलीनं दगड चाचपला, तेव्हा कुठे तिला उमगलं. ती मटकन खाली बसली. “मला नीट दिसत नाही हो. चूक माझीच,” म्हणाली आणि रडू लागली.

गलका ऐकून धाकटी पायरीवरून उठून आत आली होती. तिनं विचारलं, “पाटीलबाबा, हा दगड तुमच्या पणजोबांना शेतात सापडला ना? तेव्हा त्याला डोळे होते?”

“नव्हते. ते मागाहून कुणीतरी नवसाचे वाहिले.”

“मग पणजोबा कुठल्या बाजूनं पाया पडले?”

पाटील म्हणाला, “जिथे उभे असतील तिथूनच.”

“मग जिला तोंडच नाही, ती पाठ कशी फिरवेल? ती चहूबाजूंनी आपल्याकडेच आहे. आक्कांची नजर चुकली, सेवा नाही चुकली.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पाटलालाही पटलं. “बाई, खरं बोललीस. सेवा तुमच्याकडेच राहू दे. पण मग हे चांदीचे डोळे हवेत कशाला? काढूनच टाकू.”

थोरलीनं चाचपत देवीवर हात ठेवला. इतकी वर्षं धाकटी हेच तर सांगत आली होती.

धाकटी पुढे होऊन देवीजवळ उभी राहिली. मग म्हणाली, “नको. खरं सांगू? मी आत आले, ती पाठमोरी दिसली, आणि मलाच वाईट वाटलं. वाटलं, माझ्यावर रुसली की काय. आता ज्याला तोंड नाही त्याचा रुसवा कुणाला लागतो का? मला लागला.”

पाटलाला हसू आलं, मग सगळ्यांनाच आलं. धाकटीनं जन्मात पहिल्यांदा ते डोळे हातात घेतले आणि दाराच्या बाजूला हलकेच दाबून बसवले. मग थोरलीला हाताला धरून उठवलं. बाहेर ढोल वाजू लागले आणि जत्रा सुरू झाली.

पुढे थोरलीची नजर पार गेली, पण सेवा चालूच राहिली. शेंदूर ती लावी आणि डोळे धाकटी बसवी. “आता ती मला दिसत नाही, पण जिकडे हात न्यावा तिकडे तीच लागते,” असं थोरली आनंदानं सांगे. आणि आसपास कुणी नाही असं बघून धाकटी देवीपुढे बसायची नि घरातल्या तक्रारी सांगायची. भांडायच्या मात्र दोघी अजूनही, आणि त्यातही त्यांना सुख होतं.

तात्पर्य: देवाला रूप नाही हे खरं, आणि त्याच्या रूपावाचून आपल्याला करमत नाही हेही तितकंच खरं.