कोल्होबा आणि मुकी झालेली बंदूक

नदीच्या वळणावर करवंदीच्या जाळ्यांचे एक दाट रान होते. त्या रानात एक कोल्हा आपली कोल्हीण आणि पिल्ले यांच्यासह राहत असे. कोल्हा चपळ होता, हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. कोल्हीण बोलायची कमी. ती कुठेही गेली की आधी थांबायची, कान टवकारायची, चहूकडे पाहायची आणि मगच पुढचा पाय उचलायची. "तू चाललीस की झाडालाही कंटाळा येतो," असे कोल्हा तिला चिडवायचा.

रानाच्या खाली नदीच्या वाळूत हैबती नावाच्या म्हाताऱ्याने कलिंगडांचा मळा लावला होता. तो आणि त्याची बायको ठकूबाई मळ्यातच एका झोपडीत राहत. कलिंगडे पिकू लागली तसा त्यांचा गोड वास वाऱ्याबरोबर रानापर्यंत येऊ लागला. कोल्होबाला मग कुठला धीर निघणार! तो मळ्यात शिरायचा आणि एक कलिंगड फोडून घासभर खायचा. ते सोडून दुसरे फोडायचा, तेही टाकून तिसऱ्याकडे वळायचा.

"अहो, एकच घ्या आणि पुरं खा," कोल्हीण म्हणायची. "म्हाताऱ्याच्या लक्षात येईल असं कशाला वागायचं?"

"सगळ्यात गोड कुठलं ते चाखल्याशिवाय कसं कळणार?" कोल्हा म्हणायचा.

हैबती तसा मनाने वाईट नव्हता. त्याने आधी डबे वाजवून पाहिले. मग राखणीची जुनी बंदूक काढून हवेत बार केले. कोल्हा तेवढ्यापुरता पळायचा आणि पुन्हा यायचा. शेवटी एका सकाळी मळ्यात जिकडेतिकडे फुटलेली कलिंगडे आणि त्यांवर घोंगावणाऱ्या माश्या पाहून हैबती मटकन खाली बसला. "आता मात्र पुरे झालं," तो म्हणाला. त्याने झोपडीतून एक लाकडी पेटी बाहेर आणली.

त्या पेटीत पितळेची रिकामी काडतुसे होती. हैबती विकतची काडतुसे आणत नसे. एकदा उडालेले काडतूस तो जपून ठेवायचा, पुसायचा आणि पुन्हा हाताने भरायचा. त्या दिवशीही तो झोपडीसमोर मांडी घालून बसला. त्याने काडतुसात मापाने दारू घातली. जुन्या घोंगडीच्या गोल चकत्या कापल्या होत्या, त्यांतली एक वर दाबून बसवली. मग छर्रे ओतले, त्यांवर पुठ्ठ्याची चकती ठेवली आणि शेवटी मधाच्या पोळ्याचे मेण पातळ करून तोंड बंद केले. नदीकाठी हवेत ओल फार. दारूला ओल लागली की ती कामातून गेली. ते मेण म्हणजे काडतुसाचे दारच होते म्हणा ना!

समोरच्या बाभळीवर एक कावळा बसला होता. कुठे काय चालले आहे हे सगळ्यांत आधी आपल्याला कळावे आणि आपणच ते सगळ्यांना सांगावे, एवढीच त्याची हौस. तो उडत उडत करवंदीच्या रानात आला.

"कोल्होबा, आता जपून हो! म्हातारा या खेपेला हवेत मारायचा नाही. छर्रे भरतोय, छर्रे!"

कोल्हा घाबरला. पण पिल्लांसमोर घाबरलेले दिसायला त्याची तयारी नव्हती. "काय काय भरतोय ते नीट सांग," तो म्हणाला. कावळ्याने पाहिले तसे सगळे सांगितले. मेणाचे ऐकताच कोल्ह्याचे डोळे चमकले. तो तडक मळ्याच्या बांधावर गेला आणि उंदराच्या बिळाशी बसला.

"उंदीरराव, बाहेर या. खायला नाही आलो."

"सगळे असंच म्हणतात," आतून आवाज आला.

"वहिनींचे दिवस भरत आलेत ना? म्हाताऱ्याच्या पेटीत घोंगडीचे मऊ कातरण आहे, पिल्लांना अंथरायला. आणि काडतुसांवर मेण आहे. ते तुम्ही पोटभर खा. बदल्यात माझा शब्द, तुमच्या घरातल्या कुणाला मी दात लावणार नाही."

उंदराने बराच विचार केला. कोल्ह्याच्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता, पण मेण त्याला फार आवडायचे. हैबती आणि ठकूबाई मळ्याला पाणी घालायला गेले, तेव्हा तो पेटीत शिरला. त्याने प्रत्येक काडतुसाच्या तोंडाचे मेण कडाकडांनी कुरतडले, कातरण ओढत बिळात नेले आणि मिशा पुसत झोपी गेला. पुढचे काम नदीच्या ओल्या हवेने गुपचूप केले. सकाळचे धुके झोपडीत शिरायचे, पेटीत शिरायचे आणि उघड्या पडलेल्या फटींतून काडतुसांत उतरायचे.

काही दिवसांनी हैबती बंदूक घेऊन मळ्याच्या कडेला उभा राहिला. समोरच्या जाळीत काहीतरी हलताना दिसले तसा त्याने नेम धरला आणि चाप ओढला.

टक्!

एवढाच आवाज झाला. बार उडाला नाही. हैबती मात्र जागचा हलला नाही. बंदूक तशीच खांद्याला लावून, नळी तशीच समोर धरून तो उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याने बंदूक खाली केली, काडतूस काढून पाहिले आणि मान हलवत तो झोपडीकडे परतला.

जाळीत कोल्हिणीशेजारी अंग चोरून बसलेला कोल्हा आता हसत हसत लोळू लागला. "पाहिलंस? मुकी केली की नाही बंदूक? माझ्यापुढे म्हाताऱ्याची काय मात्रा चालणार!"

"पण अहो," कोल्हीण म्हणाली, "बार उडाला नाही, तरी तो एवढा वेळ तसाच का उभा होता?"

"लाजून! दुसरं काय?"

"लाजलेला माणूस खाली बघतो. हा समोर बघत होता."

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे," असे म्हणून कोल्हा पिल्लांना आपला पराक्रम सांगायला निघून गेला.

इकडे हैबतीने पेटी उजेडात आणली, तर प्रत्येक काडतुसाच्या मेणावर बारीक बारीक दातांच्या खुणा! त्याने सगळी काडतुसे उकलली. आतली दारू ओलसर लागली. नवी दारू आणायची तर तालुक्याला जायला हवे. तेवढ्यात कोल्हा अख्खा मळा फोडून टाकायचा. मग त्याने ती दारू चुलीपासून लांब, अंगणाच्या टोकाला एका फडक्यावर पसरली. पण त्या दिवशी आभाळात मळभ होते. ऊन असे पडलेच नाही. दुपार कलली तरी दारू हाताला गारच लागत होती. तरीही हैबती एक काडतूस भरायला बसला.

ठकूबाई भाकरी थापून बाहेर आली. "अहो, ही दारू वाळलेली नाही. बार उडायचा नाही हो. उद्या ऊन पडलं की भरा."

"अगं, मी उद्यापर्यंत थांबेन. तो कोल्हा थांबणार आहे का?"

बाभळीवरचा कावळा हे सगळे ऐकत होता. एवढ्यात ठकूबाईने भाकरीचा एक कोपरा मोडून अंगणात टाकला. कावळ्याने झडप घातली, तुकडा चोचीत धरला आणि बातमी सांगायच्या घाईने तो तसाच रानाकडे उडाला. त्याच्या मागे झोपडीसमोरचे बोलणे चालूच राहिले.

"आणि बार उडाला नाही तर?" ठकूबाई म्हणाली.

"नाही उडाला तर बंदूक धरून उभा राहीन," हैबती म्हणाला. "अर्धी ओली दारू कधीकधी आत धुमसत राहते आणि मागाहून पेटते. चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी समोरच धरायची. घाईने खाली केली तर आपल्याच पायात उडायची. असे उशिराचे बार मी आयुष्यात पाहिलेत."

पण हे ऐकायला कावळा होता कुठे? तो करवंदीच्या रानात पोचला होता. त्याने आधी भाकरी खाल्ली आणि मग चोच पुसून बातमी दिली. "कोल्होबा, दारू वाळलीच नाही! बार उडायचा नाही, असं खुद्द त्याची बायको म्हणाली. माझ्या कानांनी ऐकलं."

"आणखी काय म्हणाली?" कोल्हिणीने विचारले.

"आणखी काय असणार?" कावळा म्हणाला. खरे म्हणजे ते त्यालाही ठाऊक नव्हते. पण ठाऊक नाही असे म्हणणे त्याला कधी जमलेच नाही.

कोल्हा उठून उभा राहिला. "पोरांनो, चला! आज तुम्हाला कलिंगड खायला घालतो. आणि बापापुढे बंदूक कशी गप्प बसते, तेही बघा."

पिल्ले आनंदाने उड्या मारू लागली. कोल्हीण म्हणाली, "तुम्हाला जायचं तर जा. पिल्लांना कशाला नेता?"

"भित्री होतील अशानं. चला रे!"

कोल्हीण मग मुकाट्याने पिल्लांच्या पुढे झाली. दिवस मावळतीकडे झुकत होता. मळ्याच्या कडेला आल्यावर ती नेहमीसारखी थांबली. हैबती बंदूक घेऊन उभाच होता. कोल्ह्याने मुद्दामच जाळी हलवली. तिकडे नळी वळली.

टक्!

बार उडाला नाही.

"ऐकलंत? ऐकलंत?" कोल्हा ओरडला आणि एका उडीत जाळीबाहेर उघड्यावर आला. "काय हो म्हातारबुवा, घसा बसला का तुमच्या बंदुकीचा? या रे पोरांनो, बाहेर या!"

पिल्लांनी धाव घेतली. पण कोल्हिणीची नजर बंदुकीवर नव्हती, ती हैबतीवर होती. त्याने बंदूक खाली केली नव्हती. खांदा हलला नव्हता. डोळा नळीवरून उठला नव्हता. ज्याचे काम फसले आहे तो माणूस असा उभा राहत नाही, एवढेच तिला कळले. ती वाटेत आडवी पडली. एक पिल्लू तिच्या अंगावरून उडी मारून निघाले, तसे तिने त्याची मान दातांत पकडून त्याला मागे ओढले.

"अहो, मागे फिरा! तो अजून—"

धडाड्!

बार घुमला. रानातले सगळे पक्षी एकदम उडाले, आणि त्यांत तो कावळाही होता. वाळूचा धुरळा खाली बसला तेव्हा कोल्हा तीन पायांवर जाळीकडे येत होता. मागचा एक पाय लोंबत होता. जाळीत शिरताच तो कोसळला.

हैबती पाठोपाठ जाळीत शिरला नाही. त्याने वाळूत पडलेले रक्ताचे थेंब पाहिले, आणि जाळीआडून पिल्लांचे कुईकुई रडणे त्याच्या कानांवर पडले. तो तिथेच थोडा वेळ थांबला. "पिल्लं आहेत गं त्याला," घरी गेल्यावर तो ठकूबाईला म्हणाला आणि त्या संध्याकाळी तो नीट जेवला नाही.

कोल्हा वाचला. कोल्हीण त्याची जखम चाटायची, त्याच्यासाठी खेकडे आणायची, आणि मळ्याच्या बाजूला पिल्लांना पाऊलही टाकू द्यायची नाही. एकदा कावळा येऊन फांदीवर बसला. "ती बाई बार उडायचा नाही असंच म्हणाली होती," तो पुटपुटला. कोल्हिणीने नुसते वर पाहिले. तो उडून गेला.

पाय बरा झाला, पण वाकडा राहिला. धावणे आता कोल्ह्याच्या नशिबात नव्हते. एके दिवशी सगळ्यांत धाकट्या पिल्लाने त्याला विचारले, "बाबा, बंदूक मुकी होती ना? मग ती बोलली कशी?"

कोल्हिणीला वाटले, आता हे काहीतरी फुशारकीचे सांगतील. पण कोल्ह्याने आपल्या वाकड्या पायाकडे पाहिले.

"मुकी नव्हती रे," तो म्हणाला. "तिला बोलायला वेळ लागत होता. तेवढ्यात मीच बोलायला उठलो."

"आणि आईला कसं कळलं?"

"मी आवाज ऐकत होतो. तुझी आई माणसाकडे बघत होती."

पुढच्या पंधरवड्यात ते सगळे नदी ओलांडून पलीकडच्या डोंगरात राहायला गेले. कोल्हीण पुढे, मागे पिल्ले आणि सगळ्यांच्या शेवटी लंगडत कोल्हा. मोकळी जागा आली की कोल्हीण थांबायची, आणि तिच्यामागे पिल्लेही थांबायची. धाकट्याला पुढे धावायची घाई व्हायची. तेव्हा मागून हळूच आवाज यायचा, "थांब बाळा. आईचं पाहून होऊ दे."

तात्पर्य : समोरच्याचा वार फसला असे वाटले तरी लगेच जिंकल्याचा डांगोरा पिटू नये, तो अजून जागेवर ठाम उभा आहे की खरोखर परत फिरला आहे, हे आधी शांतपणे पाहावे.