पालखी आधी कोणाच्या दारात

शके सतराशे ब्याण्णव. माघाचा शुद्ध पक्ष. थंडी अजून हातापायांत होती आणि पहाटे घरोघरी खळीची भांडी चुलीवर चढत होती. एका लहान संस्थानात विणकरांचे एक गाव होते. राजा अल्पवयीन होता. सत्ता कारभाऱ्याच्या हाती होती.

या गावात सरळ अशी एकच गल्ली. तिचा अर्धा भाग वरची आळी, अर्धा खालची आळी आणि मधोमध कडुनिंब. याहून दोन आळ्यांत भेद नव्हता. देवी एक, धंदा एक, भांडणातल्या शिव्याही त्याच.

कापड विणण्याआधी विणकराला उभे सूत, म्हणजे ताणा, गल्लीभर ताणून त्याला खळ लावावी लागते. याला पांजणी म्हणतात. ताणा इतका लांब असे की एका आळीत मावत नसे. म्हणून ज्याची पांजणी असेल, त्याच्या ताण्याचे दुसरे टोक पलीकडच्या आळीतल्या कोणाच्या तरी दारात जाई आणि त्या घरचा माणूस ते धरी. मजुरी नाही. आज तू माझे टोक धरलेस, उद्या मी तुझे धरीन, एवढाच हिशेब. खळ ओली असेतो ताण सैल पडता कामा नये. पडला तर धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा वाया जातो.

केरबा वरच्या आळीचा. भिवाबाबांच्या हाताखाली शिकून तयार झालेला. मार्गशीर्षात त्याची पांजणी चालू असताना आतून बायकोच्या कळांचा आवाज आला. केरबा ओला ताणा टाकून सुईणीकडे धावला. खालच्या आळीच्या दौलूने भावांना हाक मारली आणि दोन्ही टोके सांभाळली. ताणा वाचला, मुलगी झाली आणि केरबावर दौलूची एक पांजणी चढली.

त्याच वर्षी कारभाऱ्याने सुताचा मक्ता आपल्या मेहुण्याला दिला. दुसऱ्या कोणाचे सूत नाक्यावरून आत येईना. मेहुण्याचे सूत कुजके निघाले. मागावर चढवले की तटातट तुटे. पौषात दोन्ही आळ्या टोपल्या भरभरून तुटके सूत घेऊन कचेरीवर गेल्या आणि पायऱ्यांवर ओतून आल्या. कारभाऱ्याने खिडकी लावून घेतली. त्यानंतर तो बरेच दिवस घोड्यावर दिसला नाही. बायका विहिरीवर त्याला ‘तुटके सरकार’ म्हणू लागल्या.

माघ लागताच दवंडी फिरली. “देवीच्या पालखीचा पहिला मान वरच्या आळीचा आहे हो! तो पूर्वापार आहे. तो मोडू पाहील त्याची गय होणार नाही हो!”

मान कोणी मोडू पाहत नव्हते. असा काही मान आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. ज्या आळीचे भोई आधी उठत, त्या आळीतून पालखी निघे. पण दवंडी ऐकली आणि वरच्या आळीला आपला मान आठवू लागला. एका म्हाताऱ्याला तर आजोबांनी सांगितलेलेही आठवले. दुसऱ्या बाजूने कचेरीचा शिपाई खालच्या आळीत जाऊन बसला. “तुमचा मान दिवसाढवळ्या लुटला, आणि तुम्ही बांगड्या भरल्यात काय?” एवढे बोलून तो तंबाखू मळीत राहिला.

पुढे सांगायला नको. खालच्या आळीने निंबाखाली बैलगाडी आडवी लावली. वरच्या आळीने देवीसमोर शपथ घेतली, खालच्या आळीत पाऊल टाकील तो आपला नव्हे. पालखीपुढे अब्दागिरी, म्हणजे मानाची छत्री, धरायला केरबाची निवड झाली. त्याने मिशीला तेल लावले.

दौलू गाडीपाशी येऊन उभा राहिला. “केरबा, परवा माझी पांजणी आहे. टोक तुझ्याकडे.”

“आधी आमचा मान कबूल करा.”

“अरे, मी सूत ताणायचं म्हणतोय. तू मध्ये पालखी कुठं घातलीस?”

“हाच माज आहे तुम्हा लोकांचा.”

“तुम्हा लोकांचा?” दौलू त्याच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “बरं. पोरगी कशी आहे?”

केरबाने मिशीला पीळ दिला आणि पाठ फिरवली.

हे त्याने भिवाबाबांना मोठ्या तोऱ्यात सांगितले. बाबा मागावर होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सूत कसं आहे?”

“कसलं सूत?”

“मागावरचं.”

“तुटतंय की. रोजच तुटतंय.”

“हं,” बाबा म्हणाले आणि तुटलेला धागा जोडू लागले.

दुसऱ्या दिवशी तंटा मिटवण्यासाठी म्हणून कारभाऱ्याने चावडीवर सभा भरवली. वरचे एका बाजूला बसले, खालचे दुसऱ्या. दोन्हीकडे पायांखाली काठ्या होत्या. कारभारी लोडाला टेकला होता. कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडावर तेज आले होते.

भिवाबाबा उठले. वरच्या आळीत वयाने तेच मोठे. आळीच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांचाच. केरबा सावरून बसला.

“रावसाहेब,” बाबा म्हणाले, “वरची आळी मान सोडते. खालच्या आळीला देऊन टाका. आत्ता.”

गलका उठला. “म्हातारा चळला!” कोणी ओरडले. आपला गुरू भर सभेत आपल्याच आळीला विकतो आहे, असे केरबाला वाटले आणि जमीन पोटात घेईल तर बरे असे झाले.

खालच्या आळीतून दौलूचा चुलता उठला. तो गोंधळला होता. “असं एकट्यानं घेणं बरं दिसत नाही,” तो म्हणाला. “एक साल त्यांचं, एक साल आमचं. आणि यंदा त्यांचंच होऊ द्या.”

तंटा मिटला होता.

कारभारी लोड सोडून ताठ बसला. “छे छे! हे असे परस्पर कसे मिटेल? हा पूर्वापार मानाचा प्रश्न आहे. चौकशी होईल, साक्षी होतील. तोवर दोन्ही आळ्यांनी सावध राहावे.”

“कोणापासून?” बाबांनी विचारले.

मागे कोणीतरी फिसकन हसले. मग दोन्ही बाजूंना हसू पसरले. कारभाऱ्याने सभा संपल्याचे सांगितले आणि जोडा शोधू लागला.

केरबा बाबांच्या मागोमाग निघाला. वाटेत न राहवून म्हणाला, “बाबा, कारभाऱ्यानं खरंच मान काढून घेतला असता तर?”

“तर दिला असता. माझं काय जातं? देवी दोन्ही दारांवरून जातेच.”

“मग उठलात कशाला?”

बाबा थांबले. “तंटा मिटवायला बसलेल्या माणसाला तंटा मिटल्याचा आनंद व्हावा. मी मान त्याच्या ओंजळीत ठेवला, तर त्यानं हात मागं घेतला. तू तोंड बघितलंस त्याचं?”

“बघितलं. उतरलं होतं.”

“चांगलं सूत त्याच्यापाशी नाही. पण काहीतरी दिल्याशिवाय लोक जवळ येत नाहीत. म्हणून त्यानं आपलीच देवी आपल्याला दिली, आणि शेजाऱ्यानं ती चोरली म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून गावात सुताचा शब्द कोणी काढला? तू काढलास?”

दोघे बाबांच्या दारापाशी आले.

“उद्या दौलूची पांजणी आहे,” बाबा म्हणाले, आणि घरात शिरले.

शपथ अजून उभी होती. ती मोडणाऱ्याला आळी पाण्यालाही विचारणार नव्हती. केरबाने अब्दागिरी देवळात नेऊन ठेवली.

पहाटे तो निंबाखाली आला. गाडीचे जू धरून त्याने ती एकट्याने कडेला ओढली. चाके करकरली तशी वरच्या आळीची दारे किलकिली झाली. “केरबा, शपथ विसरलास का रे?” आतून आवाज आला. “नाही,” केरबा म्हणाला आणि पलीकडे गेला.

दौलू खळ ढवळत होता. त्याने वर पाहिले, आणि ताण्याचे टोक केरबाच्या हातात दिले. ते घेऊन केरबा आपल्या दारापर्यंत आला आणि पाय रोवून उभा राहिला. भिवाबाबा खळीचा कुंचा घेऊन ताण्याच्या कडेने निघाले.

निंबाखाली एक धागा तुटला. मग दुसरा.

“मेहुण्याच्या नावानं!” वरच्या एका दारातून कोणी पुटपुटले.

“आमच्याकडंबी तसंच,” खालून उत्तर आले. “टोपल्या आहेत का तुमच्या भरलेल्या?”

“भरून वाहतायत.”

“मग ऊन चढल्यावर जाऊ कचेरीवर.”

“जाऊ की.”

दोन माणसे बाहेर येऊन धागे जोडू लागली. एक वरचा होता, एक खालचा. केरबाची बायको तान्हीला घेऊन उंबऱ्यात आली. दौलूने लांबूनच मान उंच करून पाहिले. केरबाने ताण सोडला नाही.

सूर्य निंबाच्या शेंड्यावर आला. खळ वाळली. केरबाने टोक नेऊन दौलूच्या हातात ठेवले. एक पांजणी फिटली.