निळा थर आणि पिवळा थर

सन २०१९ च्या वैशाखात एका साडीच्या दुकानात कागदासारखा पातळ दिवा लागला. त्यातले निळा आणि पिवळा हे दोन थर मिळून पांढरा उजेड देत. सुरुवातीला पिवळा मंद होता, म्हणून निळ्याने आपले तेज उतरवून उजेड पांढरा राखला.

तीन वर्षांनी निळा थकला.

"काय निळोबा, दमलात? आता बघा माझा झगमगाट!" म्हणत पिवळा जोरात तळपला.

गिऱ्हाईक बाई चिडल्या. "पांढरी साडी मागितली, ही तर हळदीत बुडवलेली!"

दुकानदारीण यमुनाबाई म्हणाल्या, "हा दिवाच खोटा रंग दाखवतो. आत्ताच उतरवते."

निळा म्हणाला, "दोघेही भंगारात जाणार."

पिवळ्याला जुने दिवस आठवले. त्याने आपले तेज निळ्याइतके उतरवले. साडी पांढरी दिसली. यमुनाबाईंनी दिवा राहू दिला. निळ्याचे ऋण फिटले.