उंबऱ्यापर्यंतची लेक

एके काळी, फार मागे, समुद्राच्या काठी लाल मातीचा एक देश होता. किती मागे ते विचारू नका. माणसं माणसांना राबवत होती तेव्हाची गोष्ट, एवढं पुरे. लहानांनी नीट ऐका. मोठ्यांनी जास्त नीट ऐका, कारण यातली चूक लहान मुलं करत नाहीत.

त्या देशात तेलताडाची बनं होती आणि तेलाच्या व्यापारात एक बाई सगळ्यांच्या वर होती. तिच्या घरी नऊ मुली राबत. कुणी लढाईत धरून आणलेली, कुणी दूरच्या बाजारातून आणलेली. सगळ्यांनी तिला ‘आई’ म्हणायचं, असा घराचा नियम. बाईने बाईला बांधून ठेवायचं आणि वर आई म्हणवून घ्यायचं. पुरुषच तेवढे वाईट असतात असं ज्यांना ऐकायचंय, त्यांनी इथूनच उठावं.

नऊजणींतली सर्वांत धाकटी आली तेव्हा सहा वर्षांची होती. आता अठराची झाली होती. तिला एक खोड होती. ती प्रश्न विचारायची. तेल वर का येतं आणि पाणी खाली का राहतं? दोरी तुटली तरी बोकड खुंट्यापाशीच का बसून राहतो?

“तुझ्या जिभेला हाड नाही,” मालकीण म्हणायची.

“कुणाच्या असतं, आई?” मुलगी विचारायची. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं.

पुढे समुद्रापलीकडच्या लोकांनी त्या किनाऱ्यावर आपलं राज्य मांडलं. त्यांनी चौकात नगारा वाजवून सांगितलं, की इथे यापुढे कुणी कुणाचं गुलाम नाही. लोकांनी ऐकलं आणि आपापल्या कामाला लागले. मुली फळं कुटत राहिल्या. फक्त या एकीने मुसळ खाली ठेवलं.

“आई, कुणी कुणाचं गुलाम नाही. मग मी कोण?”

“तू माझी लेक. कुट.”

त्याच हंगामात मालकिणीच्या पोटच्या मुलीचं लग्न ठरलं. सासर नदीने आठ दिवस वर. अंगणात एका बाजूला पाहुण्यांसाठी चटया पडल्या आणि दुसऱ्या बाजूला नवरीबरोबर पाठवायच्या सामानाचा ढीग लागला. पितळेची भांडी, कापडाचे तागे, दोन शेळ्या. कुणीतरी म्हणालं, या धाकटीलाही बरोबर धाडायचं ठरलंय, जन्माची.

मुलगी अंगणाच्या मधोमध उभी राहिली. “मी कुठे बसू? पाहुण्यांत की सामानात?”

होडी सुटायला पाच दिवस होते. ती तशीच, तेलाच्या हातांनी, भर दुपारी कचेरीत गेली.

न्यायाधीश समुद्रापलीकडचा. त्या उकाड्यातही जाड कोट घालून बसलेला. शेजारी दुभाषा. तो त्याच गावचा, पण पायात पलीकडचे बूट. ते चावायचे, पण तो काढायचा नाही.

न्यायाधीश चांगल्या मनाने म्हणाला, “भिऊ नकोस. आमचा राजा तुम्हा सगळ्यांचा बाप आहे. तुम्ही त्याची लेकरं. सांग.”

मुलीने सांगितलं. मालकिणीला बोलावणं गेलं. ती आली ती चार माणसं मागे घेऊन, रेशमी वस्त्र नेसून.

“खायचं माझ्या हातचं आणि गाऱ्हाणं साहेबाच्या दारात?” ती मुलीला म्हणाली. मग न्यायाधीशाकडे वळली. “साहेब, ही माझी लेक आहे. तापाने फणफणली तेव्हा मी हिच्या उशाशी बसले होते. विचारा तिला.”

“खरं आहे,” मुलगी म्हणाली.

“तू यांना काय म्हणतेस?” न्यायाधीशाने विचारलं.

“आई.”

“पोरी,” दुभाषा हळूच म्हणाला, “आपल्याच पायाने विहिरीत उतरलीस.”

मालकिणीने पलीकडच्या लोकांच्या पवित्र पुस्तकावर हात ठेवला आणि ही आपली लेकच, अशी शपथ घेतली. तिचा आवाज जराही हलला नाही. न्यायाधीशाने लेखणी उचलली. आई आणि लेकीच्या मध्ये कायदा येत नाही, असं तो लिहायला लागला.

“साहेब, एक विचारू?” मुलगी म्हणाली. “त्या पुस्तकाला आई भितात का?”

लेखणी थांबली. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि त्याने स्वतःलाही विचारला नव्हता.

“मग त्या कशाला भितात?” त्याने विचारलं.

“घरातल्या मागच्या खोलीला.”

त्या देशात प्रत्येक जुन्या घरात तशी एक खोली असे. तिच्यात गेलेल्या वाडवडिलांच्या लाकडी बैठका, धुराने काळ्या केलेल्या, ओळीने मांडलेल्या असत. नवं कोनफळ निघालं की पहिला कंद त्यांच्यापुढे ठेवायचा, मगच गावाने नवं खायचं. तो कंद आत न्यायचा मान घरच्या लेकीचा. परक्या रक्ताचं माणूस आत गेलं तर वाडवडील पाठ फिरवतात, अशी तिथली श्रद्धा होती.

“बारा वर्षं तो कंद मी खणते,” मुलगी सांगू लागली. “मी धुते. मी उकडते. ताट डोक्यावर घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जाते आणि खाली ठेवते. तिथून ताई नेतात. परवा नव्याचा सण आहे. ताई तर आता सासरच्या झाल्या. तेव्हा कंद मी आत नेईन, एवढंच आईंनी म्हणावं. मी लगेच घरी जाते, होडीतही बसते.”

दुभाषाने पाय आखडून घेतले.

“सोपं आहे,” न्यायाधीश मालकिणीला म्हणाला. “हो म्हणा.”

मालकिणीने ओठ ओलावले. “खोली अजून झाडायची आहे.”

“मी झाडते, आई. रोज उंबऱ्यापर्यंत झाडतेच. आणखी दोन पावलं.”

“तुझी साडेसाती सुरू झाली म्हणून मला—” मालकीण बोलता बोलता थांबली. मागे उभ्या असलेल्या तिच्या चार माणसांनी माना खाली घातल्या होत्या. समुद्रापलीकडच्या पुस्तकावर ती शंभरदा खोटं बोलली असती. त्या काळ्या बैठकांपुढे तिच्याने बोलवेना.

“नाही,” ती अखेर म्हणाली. “तिला आत येता येणार नाही. ती आमची नाही.”

दुभाषाने भाषांतर करायला तोंड उघडलं, पण न्यायाधीशाने हात वर केला. त्याला कळलं होतं. मघाचा कागद त्याने फाडला आणि दुसरा लिहिला, की ही मुलगी कुणाची नाही, स्वतःची आहे.

मुलीने कागद घेतला, पण ती हलली नाही.

“साहेब, अजून एक. राजा आमचा बाप आहे म्हणालात. मग त्याच्या घरात आम्ही कुठल्या उंबऱ्यापर्यंत यायचं?”

दुभाषाने ते शब्दन् शब्द सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने सांगताना स्वतःची भर घातली नाही. न्यायाधीशाने पुस्तक मिटलं, घाम पुसला आणि म्हणाला, “आजची वेळ संपली.”

बाहेर पायरीवर दुभाषा बूट काढून हातात घेऊन उभा होता. ती त्याच्याकडे पाहून हसली आणि रस्त्याला लागली.

त्या सणाला मालकिणीने कंद स्वतः खणला, स्वतः धुतला. कारण उरलेल्या आठजणी त्याच सकाळी कचेरीच्या दारात रांगेत उभ्या होत्या, आणि प्रत्येकीजवळ विचारायला तोच एक प्रश्न होता: कंद मी आत नेऊ का?

म्हणून सांगते: कुणाला आपलं म्हणण्याआधी, आपण त्याला घराच्या कुठल्या उंबऱ्यावर थांबवतो ते पाहावं.