चादरीखालचा मासा

एका घराच्या बैठकीत, काचेच्या पेटीत एक सोनेरी मासा राहत असे. राहत कसला, एकटाच दिवस काढत असे! त्याचा जोडीदार हिवाळ्यात गेला, तेव्हापासून समोरच्या खुर्चीत बसणारी माणसे हीच त्याची सोबत. पुढे घराची दुरुस्ती निघाली. रंगारी भिंती घासू लागले आणि घरभर पांढरी धूळ उडू लागली. घरच्या बाईंनी ओली चादर आणून पेटीवर चहूबाजूंनी पांघरली. धूळ अडली खरी, पण मुलांनो, माशाची खुर्चीही दिसेनाशी झाली.

दोन दिवस मासा काचेला तोंड लावून थांबला. अधूनमधून वर एक सावली हलायची. ती रंगाऱ्याची समजून तो फुरंगटून पाठ फिरवायचा. "मला सगळे विसरले," असे तो म्हणायचा, आणि ऐकायला कोणी नाही म्हणून पुन्हा तेच म्हणायचा. त्याला फार फार एकटे वाटत होते.

तिसऱ्या दिवशी रंगारी जेवायला गेले आणि पेटीवर खुडबुड झाली. एक उंदीर आला होता. पेटीच्या काठावर माशाच्या दाण्यांची पुडी होती, तिचा वास त्याला लागला होता; मध्ये चादर तेवढी आडवी येत होती.

"कोण, उंदीरमामा?" मासा हरखला. "माझ्याशी बोला ना!"

"बोलेन की रे बाळा," उंदीर लाडाने म्हणाला, "पण हे फडकं मध्ये येतंय. कुरतडू का?"

"कुरतडा! चांगलं मोठं भोक पाडा, म्हणजे मला तुम्ही दिसाल."

उंदराने भोक पाडले, पुडी ओढली आणि "आलोच हं" म्हणून जी धूम ठोकली, तो पुन्हा फिरकलाच नाही. वेडा मासा भोकाखाली तोंड वर करून वाट पाहत राहिला. रंगारी परतले, घासणे सुरू झाले आणि सगळी भुकटी थेट त्याच्या तोंडावर पडली. कल्ले चिकटले, श्वास कोंडला. मासा आडवा होऊन तरंगू लागला.

तेवढ्यात सावली हलली आणि चादर वर उचलली गेली. बाई होत्या त्या! हातात पाण्याची बादली होती.

"अगं बाई! अहो, थांबवा ते घासणं!" त्या ओरडल्या. "दिवसातून चारदा येऊन मी चादर भिजवत होते, आणि हे भोक पाडलं कुणी?"

त्यांनी माशाला अलगद ओंजळीत घेऊन बादलीत सोडले. बऱ्याच वेळाने त्याचे कल्ले हलले, तेव्हा बाईंनी बादलीवरही ओले फडके टाकले. आता तर काचही नव्हती, काळोख अधिकच दाट होता. 'त्या रोज येत होत्या,' मासा मनात म्हणाला, 'आणि मी त्यांच्याकडे पाठ करून रडत होतो.' त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तात्पर्य : एकटे वाटले म्हणून गोड बोलणाऱ्याच्या नादी लागू नये, आपली काळजी वाहणारे पुष्कळदा काही न बोलताच ती वाहत असतात.